तिघांचा सोमवार

ताई,

तुझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सप्टेंबरमधल्या एका सोमवारच्या चौकोनात तू लिहून ठेवलं होतंस, ‘सात वाजता. तिघं.’ बाकीच्या सगळ्या नोंदी इंग्रजीत. सुकं गवत येणार, पशुवैद्य येणार, बॉयलरचा माणूस येणार. एवढी एकच मराठीत. मी ती वाचली तेव्हा तुला जाऊन तीन आठवडे झाले होते आणि तो सोमवार आठ दिवसांवर आला होता.

कोण तिघं आणि कुठे जायचंय, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. दोन वर्षं आपण ज्या विषयाचं नाव काढलं नाही, तोच विषय तू भिंतीवर टांगून गेली होतीस.

तू गेलीस ती टेकडीच्या फाटकापाशी, सकाळी गुरं मोजताना. शेजारच्या डेरेकला सापडलीस. अंत्यविधीला जो भेटेल तो म्हणत होता, काय छान मरण, आवडत्या जागी, आवडतं काम करताना. मला एकेकाच्या अंगावर धावून जावंसं वाटत होतं. कसलं छान? माझ्याशी भांडण अर्धं टाकून गेलीस, ते छान? आणि वर मृत्युपत्रात काय, तर पुस्तकं तुझ्या भाचीला, इराला, आणि घर, खालची दोन कुरणं व सर्व गुरं शालूला, म्हणजे मला. घराचं मी समजू शकते. पण एकवीस गुरं? लंडनला हॅरोच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, जन्मभर केमिस्टच्या काउंटरमागे उभं राहिलेल्या, अंडंसुद्धा न खाणाऱ्या बाईला? वकीलबाई वाचत होत्या तेव्हा मी इतक्या मोठ्यानं ‘काय?’ म्हणाले की त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. ते मृत्युपत्र तू आपल्या भांडणानंतर केलं होतंस. म्हणजे विसरून नाही, चुकून नाही, चांगलं समजून-उमजून. चिठ्ठीबिठ्ठी असेल म्हणून मी तुझे सगळे खण उपसले. बियांची पाकिटं निघाली, जुनी स्टेथोस्कोपं निघाली, आईचा चष्मा निघाला. चिठ्ठी नव्हती.

तुझी ती गुरं मी पहिल्यांदा पाहिली तो दिवस मला नीट आठवतो. लेस्टरच्या हॉस्पिटलात तीस वर्षं माणसांना भूल दिलीस, निवृत्त झालीस, आणि आमची समजूत अशी की आता तरी लंडनकडे येशील, ईलिंगला इराजवळ घर घेशील, आपण दोघी दुपारी पत्ते खेळू. तू डर्बीशायरच्या त्या चुनखडीच्या टेकड्यांत जाऊन गुरं घेतलीस. तीही कसली, तर काळीभोर, केसाळ, बुटकी, आणि मधोमध पोटाभोवती चांगला हातभर रुंद पांढरा पट्टा. बेल्टेड गॅलोवे, तू अभिमानानं म्हणालीस, मूळची स्कॉटलंडची, या बेटावरचीच जात, पावसात भिजत नाही, थंडीत गोठा मागत नाही, इतर गुरं ज्या गवताला तोंड लावत नाहीत ते खाऊन राहते. मी म्हटलं, अगं, ही तर बाबांच्या कचेरीतल्या पट्टेवाल्यांसारखी दिसतात. तू फाटकाला धरून हसलीस. तेव्हापासून आपल्या दोघींत ती गुरं म्हणजे पट्टेवालेच.

टेकडी तुझी नव्हती. ती निसर्ग राखणाऱ्या एका संस्थेची. त्यांना तिथली फुलं हवी होती, आणि फुलं हवी तर गुरं हवीत, हे तू मला किमान दहा वेळा ऐकवलंस. ‘शालू, मेंढी दातांनी टेकडीची हजामत करते. फूल दिसलं की आधी तेच खाते. गाय जिभेनं गवत गुंडाळते आणि उपटते, मधेमधे ठेवून देते. तिच्या खुरांनी माती उघडी पडते, तिथे बी रुजतं.’ मग मला वर नेऊन गुडघ्यांवर बसवायचीस आणि दाखवायचीस, हे ऑर्किड, ते निळं फुलपाखरू, पाच वर्षांपूर्वी इथे नुसतं कुसळ होतं. मला त्यातलं फारसं दिसायचं नाही. मला दिसायचा तुझा चेहरा. हॉस्पिटलातून घरी यायचीस तेव्हाचा तो पिळून काढलेला चेहरा जाऊन हा कुठून आला, असं वाटायचं.

आणि तरी मी एक गोष्ट विचारली नव्हती. ती विचारायची नाही, असंच ठरवलं होतं बहुतेक. गाई दर वसंतात वितात. त्यातली निम्मी वासरं नर. ती मोठी होतात आणि मग कळपात दिसत नाहीत. मी ताकाला जाऊन भांडं लपवत होते, आणि तूही मला ते लपवू देत होतीस.

ती वसुबारस आठव. माझीच कल्पना. हॅरोला आम्ही पाच-सहा जणी दरवर्षी गाय-वासराच्या चांदीच्या मूर्तीची पूजा करतो, आणि माझ्या सख्ख्या बहिणीकडे खरी सवत्स धेनू! मी दिवसभराचा उपास धरून, डब्यात बाजरीची भाकरी, गवारीची भाजी, गूळ घेऊन, दोन ट्रेन बदलून तुझ्याकडे आले. तू हसत होतीस, पण नाही म्हणाली नाहीस. त्यातल्या त्यात गरीब गाय निवडून फाटकाशी आणलीस. तिचं वासरू सहा-सात महिन्यांचं, त्याचा पट्टा पोटाखाली तुटलेला. मी गाईला ओवाळलं, वासराच्या कपाळावरचे कुरळे केस बाजूला करून कुंकू लावलं. त्यानं माझी शाल चाटली. मला इतकं भरून आलं की आई असती तर, असं मी म्हणालेसुद्धा. आणि नैवेद्य म्हणून भाकरीचा तुकडा गुळाबरोबर गाईच्या तोंडाशी नेला.

तू तो माझ्या हातातून हिसकावलास. गाईच्या ओठांना लागलेला गूळसुद्धा तू बोटांनी पुसून काढलास.

‘वेडी आहेस का? स्वयंपाकघरातलं काहीही इथे गुरांना घालता येत नाही. कायदा आहे! लाळ्या-खुरकूत आली तेव्हा या खोऱ्यातली सगळी जनावरं मारून जाळलीत लोकांनी. असल्याच उष्ट्या-खरकट्यावरून.’

‘उष्टं? तो नैवेद्य होता!’

‘व्हायरसला कळतं का ते?’

डेरेक भिंतीपलीकडे उभा होता. तो आपल्या टोपीत बघत राहिला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, दिवसभर पोटात काही नव्हतं, आणि मी, उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हटलं, ‘वा! गाईला भाकरी घालायची नाही, पण गाईचं पोर लोकांच्या पानात वाढायचं, ते चालतं? हा कुठे जाणार आहे, सांग. हा, याला आत्ता कुंकू लावलंय मी.’

तू खोटं बोलली असतीस तर मी विश्वास ठेवला असता. तू म्हणालीस, ‘पुढच्याच्या पुढच्या सप्टेंबरात जाईल. त्याचा पट्टा तुटलेला आहे, पैदाशीला ठेवता येणार नाही. दोन वर्षं टेकडीवर राहील, आईचं दूध पिईल, गवत खाईल. मग मी स्वतः घेऊन जाईन. त्याचं मांस चार आठवडे टांगून ठेवतात, आणि जे घेतात ते नीट, मान राखून खातात. मीही खाते. मी जे विकते त्याची चव मला माहीत नसावी का?’

तेव्हा मी तो शब्द वापरला. खाटीक. आईला बरं झालं हे बघायला नाही, असंही म्हणाले. तू शांतपणे विचारलंस, ‘तू सकाळी चहा पितेस ना? त्या दुधाच्या गाईला गोऱ्हा झाला असेल, त्याचं काय झालं, हे विचारलंस कधी?’ मी डबा उचलला आणि डेरेकच्या गाडीतून स्टेशनवर गेले. 

त्यानंतर आपण बोलत होतो, अबोला होता असं नाही म्हणता येणार. रविवारी फोन असायचा. गुडघे, इराचं नवं काम, तुझ्याकडचा बर्फ, माझ्याकडचे शेजारी. तू अधूनमधून म्हणायचीस, ये ना चार दिवस. मी म्हणायची, बघू. दोन वर्षं बघूच म्हणत राहिले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं बाबा आपल्या दोघींना म्हणायचे, आणि तुझं माहीत नाही, माझ्याबाबतीत ते अगदी खरं होतं.

आता मी आले होते, आणि तू नव्हतीस.

डेरेकनं मला टेबलाशी बसवून सगळं सांगितलं. तो मला इकडच्या लाडिक बोलीत ‘डक’ म्हणतो, तुला, डॉक्टर म्हणून, ‘डॉक’ म्हणायचा. तीन गोऱ्हे ऑक्टोबरात तीस महिन्यांचे होतील. तुझा तो छोटा कत्तलखाना त्याहून मोठं जनावर घेत नाही. मग त्यांना लांबच्या मोठ्या ठिकाणी परक्या लॉरीतून, अनोळखी गुरांबरोबर जावं लागेल. त्यांना नेलंच नाही तर हिवाळ्यात टेकडीवर तेवढं गवत नाही, कुरणांत तेवढी जागा नाही. आणि संस्थेच्या हेलनबाईंचाही फोन येऊन गेला होता. तुझ्यानंतर गुरं राहणार की नाही, हे त्यांना त्या सोमवारनंतरच्या गुरुवारपर्यंत कळायला हवं होतं. दुसरा एकजण मेंढ्या घेऊन तयार होता.

‘रोजचं मी बघेन, डक,’ डेरेक म्हणाला. ‘चारा, पाणी, कुंपण, सगळं. मला तेवढं जमतं. सोमवारचं मात्र नाही जमणार. मी गाडी चालवेन. पण डॉक तिथे उभी राहायची. शेवटचं जनावर जाईपर्यंत.’ ‘मी पन्नास वर्षं मेंढ्या पाठवतोय. उतरवतो आणि गाडी वळवतो. कधी थांबलो नाही. मला नाही बघवत.’

मग त्यानं मला तुझी पद्धत सांगितली. तू मला ती कधीच सांगितली नव्हतीस. मी ऐकून घेतलं नसतं हेही खरंच. तू कधी एकट्याला पाठवत नव्हतीस, कारण एकटं जनावर घाबरतं. तिघांना एकत्र, ओळखीचे तिघं. पहिल्या वेळेचं बुकिंग, म्हणजे तिथे थांबावं लागू नये. ट्रेलर पाच दिवस आधी कुरणात नेऊन उघडा ठेवायचा, आत सुकं गवत घालायचं, म्हणजे ते रोज आपणच आत-बाहेर करतात. पण कितीही केलं तरी पहिला जातो, दुसरा जातो, आणि तिसरा काही मिनिटं एकटा राहतो. त्या तिसऱ्याजवळ तू उभी राहायचीस. डेरेकला तू म्हणाली होतीस की हॉस्पिटलात सगळ्यात घाबरलेला पेशंट ऑपरेशनच्या टेबलावर नसतो, दाराबाहेर ट्रॉलीवर थांबलेला असतो. तीस वर्षं तू त्या दाराबाहेर जाऊन लोकांचे हात धरलेस.

‘तुला जमणार नसेल तर आज सांग,’ डेरेक म्हणाला. ‘मी बाजारवाल्याला फोन करतो. एकवीसच्या एकवीस जातील. कोणी तुला नावं ठेवणार नाही.’

मी सांगते म्हणाले. इराला फोन केला, म्हटलं ती तरी विकून टाक म्हणेल. ती तर दूधसुद्धा पीत नाही. आपलं घर म्हणजे बघ, एक बहीण बीफ विकते, लेक व्हेगन, आणि मी मधे चहाचा कप धरून.

‘आई, मावशीचा हर्ड तू विकणार?’ ती म्हणाली. ‘तो तिचा सगळा लाइफ होता.’

‘अगं, मारायला न्यायचंय त्यांना. तुला चालतं?’

‘नाही चालत. आय हेट इट. पण मावशी त्यांच्याबरोबर जायची ना? बाकी कोण जातं, आई? मी सुपरमार्केटमध्ये बघते ना, तिथे कोणाला काहीच बघायचं नसतं.’ मग म्हणाली, ‘मी येऊ का सोमवारी?’

नको म्हणाले. लेकीला ते दाखवायचं नव्हतं, आणि लेकीनं मला त्या वेळी बघावं असंही वाटत नव्हतं.

डेरेकनं ट्रेलर कुरणात लावला. मी रोज सकाळ-संध्याकाळ जाऊन बघत होते. तिघंही मजेत आत जात होते, गवत ओढत होते, शेपट्या हलवत बाहेर येत होते. तिसऱ्या दिवशी मी धीर करून जवळ गेले आणि मला तो पट्टा दिसला, पोटाखाली तुटलेला. मी ते कॅलेंडर वाचलं तेव्हाच मला ते ठाऊक होतं. हा केवढा झाला होता! माझ्या खांद्याएवढा, मान जाड, कपाळावर तेच कुरळे केस. मी डेरेकला विचारलं, याच्याऐवजी दुसरा कोणी नेता येईल का? डेरेक म्हणाला, येईल ना. कोणता नेऊ, तू निवड. मी निवडू शकले नाही. तेव्हा कळलं की तू निवडत नव्हतीस, तू वय बघत होतीस, आणि ज्याची वेळ त्याची वेळ.

रविवारी मी जेवले नाही. सोमवारी साडेपाचला खाली आले तर डेरेक बाहेर होता. धुकं होतं, पण उजाडायला लागलं होतं. त्यांचे पासपोर्ट, हो, गुरांचेही पासपोर्ट असतात इथे, ते माझ्या पर्समध्ये. कानातले बिल्ले तपासले. आणि पाच दिवस हौसेनं आत-बाहेर करणारे ते तिघं आत जाईनात. डेरेकनं बादली वाजवली, मागून हात पसरून हळूहळू ढकललं. ते फळीपर्यंत यायचे आणि वळायचे. सहा वाजून गेले. डेरेकच्या कपाळावर घाम. पहिली वेळ चुकली तर तासन्‌तास थांबावं लागलं असतं, अनोळखी जनावरांत. माझ्या मनात मात्र एक चोरटा आनंद होत होता. नाही जात, तर नाही जात. माझा काय दोष?

डेरेक म्हणाला, ‘डॉक त्यांच्याशी बोलायची. तुमच्या भाषेत.’

‘काय बोलायची?’

‘मला काय कळतंय, डक?’

मलाही माहीत नव्हतं. दोन वर्षं मी आले असते तर माहीत असतं. मी ट्रेलरच्या तोंडाशी उभी राहिले आणि जे सुचलं ते म्हणाले. आई सकाळी आपल्याला उठवायची ना, तेच. ‘चला रे, चला, उशीर होतोय. आटपा बघू.’

तिघांचे कान एकदम वळले. आणि ते चालत आले, ताई. पळत नाही, बिचकत नाही, रोजच्या कामाला निघाल्यासारखे एकामागोमाग एक फळीवरून वर आले, माझ्या अंगाला घासून आत गेले. मला आधी काही उमगेचना. मग आठवलं, फोनवर आपल्या दोघींचा आवाज आईलासुद्धा वेगळा ओळखू यायचा नाही. त्यांना वाटलं, तू आलीस. महिनाभर कुठे गेली होतीस, ती आलीस. डेरेकनं फळी वर करून कडी घातली आणि माझ्याकडे न बघता गाडीत जाऊन बसला. मी तिथेच उभी. तुझा आवाज चोरला होता मी, आणि तोही याच्यासाठी.

सातच्या आत पोचलो. तो कत्तलखाना म्हणजे एका दगडी घरामागची बैठी इमारत, बाहेर फुलांच्या कुंड्या. मी तिथे येण्याआधी काय काय कल्पिलं होतं, आणि तिथे कुंड्या. तिथल्या माणसानं पासपोर्ट बघितले, बिल्ले जुळवले, कागद पुढे केला. मालक म्हणून सही करायची होती. मी केली. तो म्हणाला, ‘तुम्ही डॉकच्या बहीण. डॉक त्या कठड्याशी उभी राहायची. थांबायचं तर थांबा. नाहीतर आत चहा आहे.’

चहा! ताई, तुझा तो प्रश्न मला तेव्हा असा आठवला की मी जवळजवळ हसले. चहा नको म्हणाले आणि कठड्याशी गेले.

आत स्वच्छ होतं, कोरडा पेंढा घातलेला. तिघं जवळजवळ उभे. दहा मिनिटांत पहिला गेला. भिंतीपलीकडून एक आवाज आला, फार मोठा नाही. मग दुसरा गेला. आणि तिसरा राहिला, तोच, तुटलेल्या पट्ट्याचा. मी काही ठरवलं नव्हतं, की हा शेवटी ठेवा. तो आपणच मागे राहिला होता, भिंतीशी, नाकपुड्या रुंद करून. दुसऱ्या वेळचा आवाज आला तेव्हा त्याचं सगळं अंग ताठ झालं. डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला. तो मागे सरला, कठड्यावर आदळला, सबंध कठडा हलला.

मला पळून जायचं होतं. खरं सांगते, डेरेक बाहेर गाडीत बसला होता आणि मला त्याच्याशेजारी जाऊन बसायचं होतं. मी हात कठड्यातून आत घातला आणि बोलायला लागले. काय बोलले? काही शहाणपणाचं नाही. स्तोत्र नाही, श्लोक नाही, क्षमाही नाही मागितली. म्हटलं, काही नाही रे, मी आहे इथे. आहे ना मी. थांब जरा. असा काय करतोस? त्याचे कान माझ्याकडे आले. मग मान आली. मग त्यानं कपाळ कठड्याला टेकवलं आणि माझ्या मनगटावर उष्ण श्वास सोडला, एक, दोन, तीन, हळूहळू. त्याचं अंग सैल झालं. मी बोलत राहिले. दार उघडलं तेव्हा त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि आत चालत गेला.

मी होते म्हणून तो शांत झाला, आणि शांत झाला म्हणून आपल्या पायांनी गेला. हे चांगलं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पाठ फिरवली नाही मी. पण शेवटी डोळे मिटले. तू मिटत नव्हतीस, असं डेरेक म्हणतो.

परत आल्यावर मी गाडीतून उतरले ती थेट तुझ्या खुर्चीत बसले. फोन वाजला, इराचा होता. उचलवला नाही. मंगळवारी दोनदा वाजला. बुधवारीही नाही उचलला. आणि बुधवारी संध्याकाळी कधीतरी लख्ख आठवलं की वर्षातून दोन-तीनदा तूही अशी दोन-दोन दिवस फोन उचलायची नाहीस. मी तिकडे हॅरोला चिडायची, म्हणायची, बाईसाहेबांचे नखरे, गुरांपुढे बहीण कोण! नंतर तू फोन करायचीस आणि मी मुद्दाम तिरकं बोलायची. तू एकदाही सांगितलं नाहीस की तू कुठून आली होतीस. मी विचारलंही नाही.

ताई, तो शब्द मी मागे घेते. हे तुझ्या समोर म्हणायला हवं होतं, तुझ्या स्वयंपाकघरात तुझ्यासमोर बसून, तू ‘बरं बरं, पुरे आता’ म्हणेपर्यंत. मी तुला जे म्हटलं ते कोणीही कोणाला म्हणू नये, आणि तुला तर नाहीच. त्यात तिथल्या माणसांचाही अपमान होता. त्यांनी सोमवारी जितक्या हळुवारपणे ती दारं उघडली, तितक्या हळुवारपणे मी त्या दिवशी तुझ्याशी बोलले नव्हते. तू माझ्यावर रागावली होतीस की नाही, हेसुद्धा मला माहीत नाही. रागावली असतीस तर गुरं दिली नसतीस. की रागावूनच दिलीस, घे म्हणालीस, एकदा उभी राहून बघ? मी तुला ओळखते असं मला साठ वर्षं वाटत होतं.

आज गुरुवार. सकाळी वर जाऊन आले. अठरा आहेत, मोजली. त्याची आई सगळ्यांत पुढे होती, गवत ओढत होती, तिच्या पायांशी यंदाची कालवड. मला ‘चला रे’ म्हणायचा धीर झाला नाही. तशीच फाटकाशी उभी राहिले. थोड्या वेळानं ती आपणच आली आणि मला हुंगून पुन्हा चरायला गेली.

आत्ता हे लिहिताना फोन वाजतोय. हेलनबाईच असणार. मी उचलणार आहे आणि सांगणार आहे की गुरं राहतील. डेरेकला सकाळीच सांगून ठेवलंय, तर तो म्हणाला, मग मार्चमधला सोमवार घेऊन टाकू का? घे म्हटलं.

तू जिंकलीस असं मात्र समजू नकोस. मला हे पटलेलं नाही. मी खाणार नाही म्हणजे नाही, आणि वर भेटलीस की हे भांडण पुन्हा पहिल्यापासून होणार आहे. पण मार्चमध्ये तिसऱ्याजवळ मीच उभी राहणार, आणि त्या वेळी डोळे मिटणार नाही.